राजवाड्यातले पाळणे

२४ मे १९१३ रोजी बर्लिनमध्ये एक लग्न झाले. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म ह्याच्या एकुलत्या एका कन्येचा, व्हिक्टोरिया लुईझ हिचा तो विवाह. समारंभाला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा झार दुसरा निकोलस हे दोघे जातीने हजर होते, आणि तेही परके पाहुणे म्हणून नव्हे, तर सोयरे म्हणून. जॉर्ज हा विल्हेल्मचा सख्खा मामेभाऊ. जॉर्ज व निकोलस ह्यांच्या माता डेन्मार्कच्या राजकन्या, सख्ख्या बहिणी. म्हणजे हे दोघे मावसभाऊ, आणि चेहऱ्याने इतके सारखे की त्या मुक्कामातील छायाचित्रात कोण कोणता हे आजही निरखून ठरवावे लागते. निकोलसची पत्नी अलेक्झांड्रा ही विल्हेल्मची मावसबहीण. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया ही विल्हेल्मची, जॉर्जची आणि अलेक्झांड्राची आजी. असा तो गोतावळा. तिघे एकत्र आले ते त्यानंतर पुन्हा कधीच नाही. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ह्या भावंडांची सैन्ये एकमेकांवर चालून गेली, आणि चार वर्षांत लक्षावधी मातांची मुले मातीआड झाली. त्या आगीची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. १९१६ साली मेसोपोटेमियातील कूट येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेत मराठा पलटणींचे जवान होते. बर्लिनमधील लग्नघराशी त्यांचा काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

महायुद्ध केवळ तिघा-चौघा राजांच्या स्वभावामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. परस्परांना बांधून टाकणारे करार, बाल्कन प्रदेशातील तंटे, आरमाराची चढाओढ, आगगाड्यांच्या वेळापत्रकावर बसवलेल्या लष्करी योजना, अशी कितीतरी कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत. परंतु शेवटी काही कागदांवर एका माणसाची सही लागत होती. ती सही करणारा हात कोणत्या घरात वाढला, त्या घराने त्याला काय शिकवले, आणि घराने चुकीचे शिकवले असेल तर दोष घराचा की हाताचा, हा प्रश्न इतिहासाइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. आम्हांस तो येथे मांडावयाचा आहे.

विल्हेल्मचा जन्म २७ जानेवारी १८५९ चा. बाळ पायाळू होते. प्रसूती अत्यंत कठीण झाली. माता, म्हणजे राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक विकी, अवघी अठरा वर्षांची होती. मूल ओढून काढताना डाव्या खांद्याजवळील नसा दुखावल्या आणि तो हात कायमचा लुळा राहिला. पुढे तो उजव्या हातापेक्षा सुमारे सहा इंचांनी आखूड भरला. प्रशियाच्या गादीचा वारस, ज्याने घोड्यावर बसून सैन्याची सलामी घ्यावयाची, तो एका हाताने अधू!

मग उपचार सुरू झाले. त्या काळच्या वैद्यांना जे सुचले ते सारे त्यांनी केले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार देहात तो हात गुंडाळून ठेवीत. प्राण्याची शक्ती हातात उतरेल अशी कल्पना. विजेचे झटके दिले. लुळा हात कामाला लागावा म्हणून धडधाकट उजवा हात अंगाशी बांधून ठेवला, आणि चालावयास शिकणारे ते पोर पुनःपुन्हा पडत राहिले. मान एका बाजूला कलू लागली तेव्हा पाठीला लोखंडी दांडा व पट्टे असलेले यंत्र बांधले, आणि अखेरीस मानेतील स्नायुबंध कापण्याची शस्त्रक्रिया झाली. ह्यात कोणी दुष्ट नव्हते हे ध्यानात घ्यावे. एक तरुण आई होती. आपल्या पोटी आलेल्या व्यंगाची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते ह्याचेही दुःख होत होते. माहेरी आईला लिहिलेल्या तिच्या पत्रांतून ते दुःख सतत डोकावते.

सातव्या वर्षी मुलगा गेऑर्ग हिंट्सपेटर नावाच्या शिक्षकाच्या स्वाधीन झाला. हा गृहस्थ विद्वान, कर्तव्यकठोर आणि कॅल्व्हिनपंथी शिस्तीचा. शाबासकीने मूल बिघडते, असे त्याचे ठाम मत. राजपुत्राला घोड्यावर बसता आलेच पाहिजे आणि एका हातामुळे तोल राहत नाही, ह्यावर त्याने काढलेला तोडगा असा: रिकिबीशिवाय मुलाला घोड्यावर बसवावयाचे, तो पडला की उचलून पुन्हा बसवावयाचे. मूल रडे, गयावया करी. पुन्हा खोगिरावर. असे कित्येक आठवडे चालले. अखेर एक दिवस तोल सांभाळला गेला. विल्हेल्म उत्तम घोडेस्वार झाला. सम्राट झाल्यावर लेखनाच्या मेजाशीही तो खुर्चीऐवजी खोगिरावर बसत असे. म्हणजे शिक्षकाची पद्धत यशस्वी झाली म्हणावयाची काय? घोड्यापुरती झाली. परंतु त्या मुलाने आणखीही एक धडा गिरवला असावा असे आम्हांस वाटते: पडलो हे दिसता कामा नये, रडलो हे कळता कामा नये. पुढे छायाचित्रांत तो डावा हात हातमोज्यात, तलवारीच्या मुठीवर किंवा खिशात लपलेला असे. भाषणांत मात्र त्याची तलवार सदैव उपसलेली. १९०० साली चीनकडे निघालेल्या आपल्या सैनिकांना, शत्रूला जीवदान देऊ नका, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याच्याच मंत्र्यांना ते भाषण झाकावे कसे असा पेच पडला.

आईविषयी आणखी थोडे. तिला मुलगा उदारमतवादी, इंग्लंडच्या धर्तीचा राजा व्हावा असे वाटे. मुलगा तिला इंग्रजीत पत्रे लिही, आणि ती त्यांतील चुका दुरुस्त करून ती पत्रे परत पाठवी. ह्यात गैर काय, असे कोणीही जागरूक आई विचारील. आम्ही स्वतः ह्या तपशिलापाशी बराच वेळ थांबलो. प्रेम मागणाऱ्या कागदावर लाल खुणा होऊन तो परत येतो, तेव्हा मुलाच्या मनात काय उतरते? १५ जून १८८८ रोजी त्याचे वडील, सम्राट तिसरा फ्रेडरिक, केवळ नव्व्याण्णव दिवस राज्य करून घशाच्या कर्करोगाने वारले. मुलाचे पहिले कृत्य कोणते? त्याने राजवाड्याला सैनिकांचा वेढा घातला आणि कागदपत्रांसाठी आईच्या खोल्यांची झडती घ्यावयास लावली.

तिचे माहेर पाहिले म्हणजे ह्या गोष्टीचे मूळ आणखी मागे सरकते. विकीचे वडील प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांचे सल्लागार बॅरन श्टॉकमार ह्यांनी राजमुलांच्या शिक्षणाची एक पक्की योजना आखली होती. विकी हुशार, तिला ती मानवली. तिचा धाकटा भाऊ बर्टी, पुढचा सातवा एडवर्ड, तिच्याखाली पिचून गेला. त्याचा ज्या शिक्षकावर जीव होता त्याला दूर करून दुसरा नेमला. १८६१ साली अल्बर्ट वारले तेव्हा राणीने त्या मृत्यूचे खापर बर्टीच्या एका तरुणपणीच्या चाळ्यावर फोडले आणि पुढे कित्येक वर्षे त्याला राज्यकारभाराच्या कागदांपासून दूर ठेवले. आपल्याकडे मामा म्हटला की भाच्याचे हक्काचे आजोळ आठवते. ह्या मामाभाच्यांत मात्र आयुष्यभर विस्तवच होता. दोघेही एकाच शिस्तीचे बळी, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. एडवर्डने आपल्या मुलांना मोकळे सोडले, लाड केले. त्याचा मुलगा जॉर्ज बाराव्या वर्षी नौदलात गेला, थोरल्या भावाच्या अकाली मृत्यूने १८९२ मध्ये वारस झाला, आणि स्वतः बाप झाल्यावर पुन्हा करडा बनला. सक्ती आणि सैलपणा असे पिढीआड आलटून पालटून येताना पाहिले की हसावे की रडावे कळत नाही. मात्र इंग्लंडचे एक भाग्य होते. तेथे राजा कसा वाढला ह्याने राज्याचे फारसे बिघडत नसे. निर्णय संसद व मंत्रिमंडळ घेई. वाढवण्यातील चूक तोफांपर्यंत पोहोचते ती जेथे राजाला ‘नाही’ म्हणणारा कोणी नसतो तेथे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की सारा दोष कठोरपणाचा. मुलांना माया मिळाली असती तर युरोप वाचला असता. तसे म्हणणाऱ्याने रशियाकडे पाहावे.

निकोलसला मायेची ददात नव्हती. वडील तिसरे अलेक्झांडर देहाने धिप्पाड, प्रजेशी निष्ठुर, परंतु घरात मुलांशी खेळणारे. गाचिनाच्या वाड्यात मुले साध्या खाटेवर निजत, थंड पाण्याने अंघोळ करीत, आणि आईबापांच्या सहवासात वाढत. असे घर कोणाला नको? परंतु ह्या घरावर एक सावली होती. मार्च १८८१ मध्ये आजोबा, झार दुसरे अलेक्झांडर, ह्यांच्यावर बाँब टाकण्यात आला. छिन्नविच्छिन्न देह हिवाळी राजवाड्यात आणला, आणि बारा वर्षांच्या निकोलसने त्यांना प्राण सोडताना पाहिले. ज्या झाराने भूदासांना मुक्त केले, त्याचीच ही गत झाली! त्या दिवशी राजवाड्याने धडा घेतला तो असा, की सवलत म्हणजे मरण. पुढे पोबेदोनोस्त्सेव नावाच्या विद्वान गुरूने त्याला शास्त्राचा आधार दिला: अनियंत्रित सत्ता ही ईश्वराने सोपवलेली ठेव आहे, तिच्यातील कणही कोणाला देणे म्हणजे विश्वासघात.

वडिलांना वाटे की मुलगा अजून लहान आहे, शिकेल सावकाश. त्याला जग पाहावयास पाठवले. डिसेंबर १८९० मध्ये तो धाकटा भाऊ जॉर्ज ह्याच्यासह मुंबई बंदरात उतरला होता. तो भाऊ क्षयाने आजारी पडून तेथूनच मागे फिरला. राज्यकारभार मात्र त्याला कोणी नीट दाखवला नाही. आणि १८९४ साली ते धिप्पाड वडील एकोणपन्नासाव्या वर्षीच वारले. सव्वीस वर्षांचा निकोलस आप्तांपाशी रडला. आपली तयारी नाही हे त्याला पुरते ठाऊक होते.

मे १८९६ मध्ये राज्याभिषेकाच्या उत्सवात मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर चेंगराचेंगरी होऊन तेराशेहून अधिक माणसे मेली. त्या संध्याकाळी फ्रेंच वकिलाकडे नृत्यसमारंभ होता. निकोलसला जावेसे वाटत नव्हते. काकांनी आग्रह धरला. पुतण्याने वडीलधाऱ्यांचे ऐकले. दुसऱ्या दिवशी पतिपत्नी जखमींना भेटावयास रुग्णालयांत गेली, परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो आदल्या रात्रीचा नाच. आज्ञाधारकपणा हा आपण मुलांच्या गुणांत मोजतो. येथे तोच गुण त्याला नडला.

निकोलस उत्तम पती होता, प्रेमळ पिता होता. रक्तस्रावाच्या आनुवंशिक व्याधीने ग्रासलेल्या लेकाच्या उशाशी बसणारा हा बाप, आणि १९०५ च्या जानेवारीत राजधानीत अर्ज घेऊन आलेल्या निःशस्त्र मजुरांवर ज्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या तो झार, हे एकच. त्या दिवशी तो शहरात नव्हता, हुकूम त्याने स्वतः दिला नव्हता, हे खरे. परंतु त्यानंतरही त्याला वाटत राहिले की आपण ठेव राखीत आहोत. दुष्टाला त्याचे मन कधीतरी टोचते. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीलाच बालपणी चुकीचे वळण लागले, त्याने कोणाची टोचणी ऐकावी? विल्हेल्मपेक्षाही निकोलसचा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो, तो ह्यामुळे.

ह्या दोन माणसांवर शेवटची कसोटी आली ती १९१४ च्या जुलैअखेरीस, आणि ती जवळजवळ एकाच वेळी. ५ जुलैला विल्हेल्मने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे वचन देऊन टाकले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो नॉर्वेच्या सागरसफरीवर निघून गेला होता. परतल्यावर २८ जुलैच्या सकाळी त्याने सर्बियाचे उत्तर वाचले आणि त्यावर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला की आता युद्धाचे कारणच उरले नाही. त्याला दिसले होते! त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. विल्हेल्मचे मंत्री व सेनानी त्याच्या ह्या नव्या विचाराने नाराज होते, आणि जन्मभर छाती काढून बोललेल्या माणसाला त्यांच्यासमोर उभे राहून ‘माझे चुकले, थांबा’ असे ठणकावणे जमले नाही. तिकडे २९ जुलैला रात्री, विल्हेल्मची तार पोहोचल्यावर, निकोलसने सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. म्हणजे त्यालाही दिसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव ह्याने तासभर मनधरणी केली आणि झाराने पुन्हा होकार दिला. ह्या दिवसांत दोघांनी एकमेकांना धाडलेल्या तारा इंग्रजीत आहेत, विली आणि निकी अशा घरगुती नावांनी सह्या केलेल्या. तोपर्यंत राज्ययंत्राची चाके फिरू लागली होती.

आम्हांस उत्तर शोधावेसे वाटते ते येथे, ह्या दोन दिवसांत. विल्हेल्मच्या साऱ्या राजकारणाचा उलगडा त्या आखूड हाताने करणारे लेखक पुष्कळ झाले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु ते पूर्ण मान्य केले तर माणूस म्हणजे दाईच्या हातून झालेली चूक, एवढाच अर्थ उरतो. उलट, प्रत्येकाचे पाप प्रत्येकाच्या माथी, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना रिकिबीशिवायच्या त्या घोड्यावर कोणी बसवलेले नसते. विल्हेल्मला २८ जुलैला आणि निकोलसला २९ जुलैला जे दिसले, ते त्यांच्या शिक्षणाच्या विरोधात दिसले. सगळे संस्कार ओलांडून एक क्षण दोघांनाही सत्य कळले. ते धरून ठेवणे त्यांना इतरांपेक्षा कितीतरी जड होते. तो जडपणा घराने लादलेला, आणि त्याचा हिशेब आईबाप व गुरूंकडे मागितला पाहिजे. परंतु कळल्यावर सोडून दिले, हे त्यांचे स्वतःचे.

ह्या गोतावळ्याबाहेर व्हिएन्नाच्या कॅथलिक राजघराण्यात एक उदाहरण आहे, ते न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. तेथेही आधी कठोरपणाच होता. सम्राट फ्रान्झ जोसेफ ह्याचा एकुलता एक पुत्र रुडॉल्फ सहाव्या वर्षी गोंद्रेकूर नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या हाती दिला गेला. मुलाला धीट करावयाचे म्हणून हा अधिकारी त्याच्या शयनगृहात पिस्तुलाचे बार काढी. एकदा त्याला वनातील कुंपणाआड कोंडून, रानडुक्कर आले, अशी त्याने ओरड केली. आईने, सम्राज्ञी एलिझाबेथने, १८६५ मध्ये पतीला निर्वाणीचे लिहून हा शिक्षक घालवला. तोवर मूल भेदरून गेले होते. रुडॉल्फचा अंत १८८९ साली मायरलिंग येथे कसा झाला ते सर्वश्रुत आहे.

त्याच घराण्यात १८८७ साली कार्ल ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील आर्चड्यूक ओटो हे व्हिएन्नात बदफैलीपणासाठी कुप्रसिद्ध. रक्ताने आणि उदाहरणाने माणूस ठरत असेल तर कार्लही तसेच व्हावयास हवे होते. आई मारिया योसेफा श्रद्धाळू आणि सोशिक होती. एक डॉमिनिकन धर्मगुरू शिकवावयास होते. मुलगा व्हिएन्नाच्या एका शाळेत इतर मुलांबरोबर बसला. कार्ल एकनिष्ठ पती झाले. नोव्हेंबर १९१६ मध्ये गादीवर येताच त्यांनी मेहुणा सिक्स्टस ह्याच्यामार्फत फ्रान्सशी गुप्तपणे तहाची बोलणी सुरू केली. अपयशी होऊन, हद्दपारीत, १ एप्रिल १९२२ रोजी मदेरा बेटावर ते चौतिसाव्या वर्षी वारले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ३ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. तरीही चित्र एकरंगी करू नये. १९१८ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सने त्यांचे ते गुप्त पत्र उघड केले तेव्हा जर्मन मित्राच्या भयाने कार्ल ह्यांनी त्यातील मजकूर आपला नसल्याचे सांगितले. धन्यवादित माणसाच्या चरित्रातील हे पान आम्ही उलटून पुढे जात नाही. वडिलांसारखे न होण्याइतके बळ त्यांना मिळाले; ह्या एका क्षणी ते पुरले नाही.

विकी, हिंट्सपेटर, अल्बर्ट, तिसरे अलेक्झांडर, ह्यांपैकी कोणालाही मुलाचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. प्रत्येकाने आपल्या काळातले उत्तम तेच दिले. आज परीक्षेतील गुणपत्रिका हाती धरून मुलासमोर बसणाऱ्या आपल्यापैकी कोणाही बापाची किंवा आईची भावना त्याहून वेगळी नसते, आणि म्हणूनच ही दूरच्या राजवाड्यांची गोष्ट आम्हांस पुरती दूरची वाटत नाही.

विल्हेल्म १९१८ च्या नोव्हेंबरात हॉलंडला पळाला आणि पुढील आयुष्य त्याने तेथेच, बहुतेक काळ डोर्न येथे काढले. तो रोज झाडे तोडी, लाकडे फोडी. आठवणी लिहिल्या, त्यांत दोष सदैव दुसऱ्याचा. ४ जून १९४१ रोजी तो वारला. अपराधाची कबुली त्याने दिली नाही.

परंतु त्याच्याविषयी वाचलेली एक हकिकत मनातून जात नाही. जानेवारी १९०१ मध्ये आजी व्हिक्टोरिया ऑसबर्नच्या घरात मृत्युशय्येवर होती. नातू न बोलावता आला. आजोळच्या माणसांना तो नकोसा होता. तरी त्याने स्वतःला मागे ठेवले, कोणताही दिमाख केला नाही. अखेरच्या वेळी पलंगाच्या कडेला गुडघे टेकून त्याने आजीला आपल्या उजव्या हातावर तोलून धरले. दुसऱ्या बाजूने डॉक्टरांनी आधार दिला होता. अडीच तास तो तसाच होता. हात बदलणे त्याला शक्य नव्हते; दुसरा हात भार घेऊ शकत नव्हता. त्या खोलीतल्या सर्वांना ते ठाऊक होते, आणि त्याने तो हलवला नाही.